पेण-रोह्याचे दुर्ग आणि खाड्या

रायगड जिल्ह्यातील ऐतिहासिक स्थळे म्हटली की रायगड, जंजिरा आणि अलिबागचा कुलाबा एवढीच नावे सामान्यतः घेतली जातात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले. त्यांपैकी रायगड आणि खांदेरी हे दोन या जिल्ह्यातील आहेत. पेण व रोहे या तालुक्यांतील एकही दुर्ग त्या यादीत नाही. तथापि मोठ्या दुर्गांचे सामर्थ्य ज्या लहान ठाण्यांवर अवलंबून होते, ती ठाणी पाहावयाची असतील तर याच दोन तालुक्यांत यावे लागते.

हे दुर्ग येथेच का बांधले गेले, याचे उत्तर खाड्यांत आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाशी चौलचे प्राचीन बंदर होते. पेणजवळून जाणारी भोगावती धरमतरच्या खाडीस मिळते. पक्के रस्ते होण्यापूर्वी भात आणि मीठ याच जलमार्गांनी गलबतांतून जात असे. खाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती जकात, असा तो सरळ हिशेब होता.

रोह्याच्या उत्तरेस सुमारे तीनशे मीटर उंचीचा अवचितगड उभा आहे. माथ्यावरून कुंडलिकेचे खोरे दूरवर दिसते. गडाचे प्रयोजन समजण्यास तेवढे दृश्य पुरेसे आहे. येथील द्वादशकोनी तलाव, पाण्याची टाकी, तोफा आणि शके 1718 म्हणजे इ. स. 1796 चा मराठी शिलालेख ही अभ्यासकांनी आवर्जून पाहावीत अशी आहेत. शिवकालानंतरही शंभराहून अधिक वर्षे या गडाची निगा राखली जात होती, हे त्या शिलालेखावरून कळते. जवळच्या घोसाळगडाचे महत्त्व तर पुरंदरच्या तहावरून दिसून येते. 1665 मध्ये तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. छत्रपती शिवाजी महाराजांनी जे बारा स्वतःकडे राखले त्यांत घोसाळगड आणि तळेगड होते. सिद्दीच्या मुलखावर नजर ठेवणारी ही ठाणी सोडणे परवडणारे नव्हते. मुंबई-गोवा महामार्गावरील खांब गावाजवळचा सुरगड मात्र प्रवाशांच्या नजरेसमोर असूनही उपेक्षित राहिला आहे.

पेण तालुक्यात सांकशीचा किल्ला आहे. 1540 च्या सुमारास गुजरातचा सुलतान, अहमदनगरची निजामशाही आणि पोर्तुगीज या तिन्ही सत्ता त्याच्यासाठी झगडल्या. खडकात खोदलेली टाकी हे त्याचे मुख्य अवशेष होत. आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव गागोदे याच तालुक्यात आहे. तेथे 1895 मध्ये त्यांचा जन्म झाला.

निसर्गाच्या बाबतीत कुंडलिकेची कथा विलक्षण आहे. भर उन्हाळ्यात कोलाडजवळ नदी दुथडी वाहते आणि नौकाविहारासाठी पर्यटक येतात. हे पाणी मूळचे तिचे नव्हे. घाटमाथ्यावरील मुळशी धरणाचे पाणी 1927 पासून भिरा येथील वीजगृहात उतरते आणि तेथून कुंडलिकेत येते. एरवी भीमेवाटे बंगालच्या उपसागराकडे गेले असते ते पाणी अरबी समुद्रास मिळते. रोहे व मुरूड तालुक्यांतील फणसाडचे जंगल पूर्वी जंजिरा संस्थानचे शिकारीचे रान होते. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि आज तेथे शेकरूला अभय आहे.

पेणच्या खारेपाटातील बांध मात्र कोणी स्थळदर्शनाच्या यादीत घालीत नाही. वस्तुतः समुद्राचे पाणी अडवून भातशेती पिकविणारे हे मातीचे बांध व त्यांच्या उघाड्या हादेखील येथील वारसाच आहे. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, पीक जाते आणि काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. नंतर ती जमीन पुन्हा लागवडीस आणणे अतिशय कठीण होते.

गडांचेही तसेच आहे. वीरगळ देवळाच्या पायरीस लावला जातो, शिलालेखावर तैलरंग फासला जातो, टाक्याच्या काठास सिमेंट थापले जाते. यामागे बहुधा भक्तीच असते, पण अक्षरे जातात ती कायमची. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील वीरगळ, लेख, टाकी व तोफा यांची छायाचित्रांसह नोंद दप्तरी ठेवल्यास एखादी वस्तू हलली तरी ती मूळची कोठली हे सांगता येईल. या कामी शाळांतील वरच्या वर्गांचे साह्य घेता येते. दसऱ्यानंतर पाऊस ओसरलेला आणि टाकी भरलेली असतात. अवचितगडाची चढण मेढे किंवा पिंगळसई गावातून करावी.