जिमची फी भरण्याआधी : बारा आठवड्यांचा हिशोब



आपल्या बैठकीत जाळ्यासाठी कर्ज, मुलांची फी, घरावरचे पत्रे हे विषय नेहमीचे. पण हल्ली मधूनच एखादी ताई हळूच विचारते, "जिम लावायची म्हणते, परवडेल का गं?" आणि विचारताना अशी हसते, जणू चोरीच करायला निघाली आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. घरखर्चाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे काही ना काही असतं, बाईच्या नावापुढची जागा मात्र बहुतेक वेळा कोरी असते. ती भरायची असेल तर नीट हिशोब करून भरू. या अंकाचा धडा त्यासाठीच.

१. व्यायामाची गरज आहे का?

"दिवसभर राबतो, तोच व्यायाम," असं आपण म्हणतो. ते अर्धं खरं आहे. सुपारी सोलताना, मासळी निवडताना आपण तासन्‌तास एकाच बैठकीत असतो. पाठ वाकलेली, गुडघे मुडपलेले. अशा कामाने शरीर थकतं, पण सगळ्या स्नायूंना ताकद येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तसा व्यायाम हवा, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. १५० मिनिटं म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस.

सुरुवात करण्याआधी बीपी आणि शुगर तपासून घ्या. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी ही तपासणी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताईंना विचारा. गुडघ्याचं, हृदयाचं दुखणं असेल किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं, मग जिम.

२. फीचा कागद कसा वाचायचा?

आकडे उदाहरणासाठी धरू. तुमच्या जिमचे खरे आकडे तुम्ही घाला.

महिन्याची फी : ७०० रुपये
तीन महिन्यांची : १,८०० रुपये
वर्षाची : ५,४०० रुपये
प्रवेश फी : ३०० रुपये

महिन्याच्या दराने वर्षाचे ८,४०० होतात. म्हणजे वर्षाची फी एकदम भरली तर ३,००० वाचले, असं सांगणारा सांगतो. पण आपलं वर्ष कसं जातं ते बघा. जून-जुलैत लावणी, त्याच वेळी मासेमारी बंद. मग गणपती. पुढे सुपारीचा हंगाम, शिमगा, मे महिन्यात पाहुणे आणि पर्यटक. प्रामाणिकपणे मोजलं तर कितीजणींचे सहा महिनेच उरतील. सहा महिन्यांसाठी तीन-तीन महिन्यांची फी दोनदा भरली तर ३,६०० लागतात. वर्षाची फी भरून सहाच महिने गेलात, तर १,८०० रुपये जास्त गेले.

इथला नियम लक्षात ठेवा : वर्षाची फी भागिले तीन महिन्यांची फी. ५,४०० भागिले १,८०० म्हणजे ३. तीन तिमाह्या, म्हणजे नऊ महिने. नऊ महिन्यांपेक्षा जास्त जाणार असाल तरच वर्षाची फी फायद्याची.

३. फीच्या पलीकडचा खर्च

बोर्लीपंचतन, दिवेआगर, हरिहरेश्वर, वाळवटी, कुठूनही श्रीवर्धनला यायचं तर प्रवास आला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तरी ते वहीत धरायलाच हवं. समजा जाऊन-येऊन ३० रुपये आणि आठवड्याला तीन दिवस. बारा आठवड्यांत ३६ फेऱ्या, प्रवास १,०८०. फी १,८००, प्रवेश ३००. एकूण ३,१८०. म्हणजे एका दिवसाचा व्यायाम सुमारे ८८ रुपयांना पडला.

आता यातले निम्मेच दिवस गेलात तर? प्रवास ५४०, पण फी आणि प्रवेशाचे २,१०० तेवढेच. एकूण २,६४०, दिवस १८. एक दिवस सुमारे १४७ रुपयांना! जिम महाग होते ती फीपेक्षा आपल्या दांड्यांमुळे.

पावडरच्या डब्यांचा आग्रह झाला तर लगेच हो म्हणू नका. अंडी, डाळ, कुळीथ, सुकट, जवळा यांतूनही प्रथिनं मिळतात आणि ते आपल्या स्वयंपाकघरात आहेच.

४. पैसे कुठून आणायचे?

आधी क्रम ठरवा. गटाची बचत, कर्जाचा हप्ता, घरातली औषधं, मुलांची फी. मग विमा : प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, जीवन ज्योती विमा ४३६ रुपये. हे सगळं भागून जे उरेल त्यातूनच जिम.

गटातून कर्ज काढून वर्षाची फी भरायची का? शेकडा २ व्याजाने ५,४०० रुपये बारा हप्त्यांत फेडले, तर घटत्या शिलकीवर व्याज ७०२ रुपये होतं. व्याज गटातच राहतं हे खरं, पण आजारपण किंवा धंद्यासाठी कोणाला गरज लागली तर तेवढी रक्कम अडकलेली असते. म्हणून माझं मत साफ आहे : जिमसाठी बचत करायची, कर्ज नाही.

त्यासाठी हा बारा आठवड्यांचा मार्ग. एक वेगळा डबा करा. दर आठवड्याला १७५ रुपये टाका. बाराव्या आठवड्याला २,१०० होतात, म्हणजे तीन महिन्यांची फी आणि प्रवेश. त्याच बारा आठवड्यांत आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास चाला. ओहोटीला किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू चालायला चांगली. वहीत दोन रकाने ठेवा, एक पैशाचा, एक चालण्याचा. दोन्ही भरले तर खुशाल जिम लावा. डबा भरला पण चालणं झालं नाही, तर सवयच अजून लागलेली नाही, फी भरून ती लागेल असं धरू नका. चालणं झालं पण डबा रिकामा राहिला, तर चालणं चालू ठेवा, तब्येतीचा फायदा फुकटात होतोच आहे.

५. एकटीने नको, गटाने बोला

दुपारी बऱ्याच जिम रिकाम्या असतात. आठ-दहा जणींनी मिळून गेलात तर महिलांसाठी वेगळी वेळ, कमी फी, प्रवेश फी माफ, हे मागता येतं. पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी लिहून घ्या :

• आजारपणात किंवा लावणीत महिनाभर थांबलो तर मुदत पुढे मिळेल का?
• जिम बंद पडली तर उरलेले पैसे परत कसे मिळणार?
• शिकवणारं कोण आहे? बाई आहे का?
• पावती मिळेल ना?

पावतीवर जीएसटी लावला असेल तर तोही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा हा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ज्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही, त्यांना हा कर घेताच येत नाही. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

६. पोलीस भरतीची मुलं-मुली

घरातली मुलगी भरतीसाठी जिम मागत असेल तर मैदानी चाचणी काय आहे ते आधी बघा. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, ४ किलोचा गोळा, मिळून ५० गुण. धावण्याचा सराव मैदानावरच होतो. तिचे पैसे आधी चांगल्या बुटांवर आणि गोळाफेक शिकवणाऱ्यावर घाला, ताकदीसाठी जिम त्यानंतर.

७. फुकटची जिम मागता येते

ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे खुल्या व्यायामशाळेची मागणी ठेवा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो, आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे व्यायामशाळा विकासाची अनुदान योजना आहे. शहरातल्या गटांनी नगरपरिषदेकडे अर्ज द्यावा. साहित्य आधीच बसवलेलं असेल तर ते गंजलंय का, संध्याकाळी तिथे दिवा लागतो का, हेही विचारा. दिव्याशिवाय बायका जाणार नाहीत.

पुढच्या बैठकीसाठी

१. मागच्या वर्षात स्वतःच्या तब्येतीवर, आजारपण सोडून, किती खर्च केला? प्रत्येकीने आकडा सांगावा. शून्य असेल तर शून्य सांगावा.
२. आपल्या गावाचे कोणते महिने मोकळे, कोणते कामाचे? फळ्यावर लिहा.
३. डबा आणि चालणं सुरू करणाऱ्या तिघींची नावं ठरवा. बारा आठवड्यांनी त्यांच्या वह्या गटासमोर उघडू.

वही आजच काढा. आणि त्यातली तुमच्या नावापुढची कोरी जागा आधी भरा, मग रक्कम पाच रुपयांची का असेना.

तुमची सहयोगिनी