ओळख : कोणी मागावी, किती द्यावी?

व्यापार म्हटला की विश्वास आला, आणि विश्वास म्हटला की ओळख आली. आमच्या हुबळीच्या दुर्गदबैल पेठेत ही गोष्ट नित्य पाहावयास मिळते. (कानडीत 'बयलु' म्हणजे मोकळे मैदान, तेव्हा बालवाचकांनी या नावात बैल शोधू नये!) तेथे रोख पैसे मोजून भाजी वा कापड घेणाऱ्यास कोणी नावगाव विचारीत नाही. परंतु तेच कापड उधारीवर मागितले, की प्रश्न सुरू होतात : आपण कोणाचे? राहता कोठे? ओळखीचे कोणी आहे काय? यात अपमान मुळीच नाही. जितकी जोखीम तितकी चौकशी, हा व्यापाराचा जुना नियमच आहे.

आपल्याकडील हुंडीच्या व्यवहारात हा नियम फार सुरेख दिसतो. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेली, अमुक रक्कम द्यावी अशी चिठ्ठी म्हणजे हुंडी. शाहजोग हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या 'शाहा'च्याच हाती द्यावयाचे असत. त्यामुळे हुंडी वाटेत चोरीस गेली, तरी चोरास ती वटविण्यासाठी एखादा प्रतिष्ठित व्यापारी गाठावा लागे. आणि पुढे वाद निघाल्यास पैसे कोणामार्फत गेले याचा मागही लागे.

आज घरबसल्या मोबाईलवरून खरेदी करताना ना दुकानदार दिसतो, ना त्यास ग्राहक दिसतो. मग ओळख पटावी कशी? त्याची साधने मुख्यतः तीन होत. पहिले, आपणांस ठाऊक असलेले गुपित, उदाहरणार्थ पिन; दुसरे, आपल्याजवळील वस्तू, उदाहरणार्थ नोंदविलेला मोबाईल; आणि तिसरे, आपले शरीर, म्हणजे बोटाचा ठसा वा चेहरा. एकाच साधनावर विसंबणे धोक्याचे असते. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन खरेदीस, कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पुरावा आवश्यक केला. मोबाईलवर येणारा ओटीपी हा त्याचाच एक प्रकार. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून, दुकानांनी ग्राहकाच्या कार्डाचा संपूर्ण क्रमांक आपल्याकडे साठवू नये, त्याऐवजी 'टोकन' नावाचा बदली संकेत वापरावा, असा नियम अमलात आला. दुकानात चोरी झाली, तरी खरी किल्ली चोरास मिळू नये, हा त्यातील हेतू.

आता आधाराविषयी. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली गावी देण्यात आले. या क्रमांकात १२ आकडे असून शेवटचा आकडा आधीच्या ११ आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकीचा लिहिला गेल्यास ती चूक ध्यानात येते. पण हा आकडा लिहिण्यातील चूक पकडतो, माणसाचा खोटेपणा नव्हे! कार्डाचे चित्र कोणाच्याही हाती पडू शकते. म्हणून ते सर्वत्र पाठवीत सुटणे शहाणपणाचे नव्हे. जेथे देणे भागच आहे, तेथे शेवटचे ४ आकडेच दाखविणारे 'मास्क्ड' आधार काढता येते.

मग एखाद्या दुकानाने ओळख मागितली तर काय करावे? दुर्गदबैलचाच नियम येथे लावावा. पैसे आधीच चुकते करून सदरा मागविणाऱ्याचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक दुकानास पुरतात. हप्त्यांनी, म्हणजे कर्जाने, वस्तू घेतली, तर कर्ज देणाऱ्या संस्थेने अधिक पुरावा मागणे रास्त आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. आणि २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. ठराविक कामासाठी लागेल तेवढीच माहिती घ्यावी, हे त्या कायद्याचे एक तत्त्व आहे. तेव्हा "ही माहिती कशासाठी हवी?" असे विचारणे हा उद्धटपणा नसून तो आपला हक्क होय.

ओळख ही दुहेरी असावी लागते, हे मात्र पुष्कळजण विसरतात. "तुमचे पार्सल अडले आहे, ओळख पटविण्यासाठी आलेला आकडा सांगा," असा दूरध्वनी करणारा आपली ओळख विचारतो, पण स्वतःची पटवीत नाही. अशा वेळी फोन ठेवावा आणि ज्या दुकानातून खरेदी केली, त्याच्याच ॲपमध्ये जाऊन खात्री करावी. काही दुकाने पार्सल हाती देताना संकेतांक विचारतात. तो दारात, पार्सल समोर असताना आणि संदेश पुरता वाचूनच सांगावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे मिळण्यासाठी तो कधीच लागत नाही. फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

विद्यार्थ्यांनो, येथे तुमच्यावर एक मोठी जबाबदारी येते. आम्ही कोंकणी घरात ओळखीस 'वळख' म्हणतो, तुम्ही 'ओळख' म्हणता, बाजारात तिला 'गुरुतु' म्हणतात; परंतु मोबाईलवरचा संदेश बहुधा इंग्रजीत येतो. तो आजीस वाचता येत नाही आणि वडिलांस वाचण्यास सवड नसते. तो आकडा कसला आहे, पैसे येणार की जाणार, हे घरात प्रथम तुम्हांसच कळते. तुम्ही घाईने आकडा सांगून मोकळे झालात, तर वर्षानुवर्षे साठविलेली पुंजी क्षणात जाऊ शकते. म्हणून तीन प्रश्न पाठ करून ठेवा : विचारणारा कोण? त्यास हे कशासाठी हवे? आणि याहून कमी माहितीत काम भागेल काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून आपल्या घराची ओळख कोणाच्या स्वाधीन करू नका.