लव्हबर्डच्या वाटीत काय नको

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत हप्ते जमा करून झाले आणि विषय निघाला पाखरांचा. तिघीचौघींच्या घरी पोरांनी जत्रेतून लव्हबर्ड आणलेत. "ताई, कोंबड्यांचं तुम्ही सांगता, यांना काय घालायचं?" म्हणून या वेळचा पाठ हा.

बाजारात ज्याला आपण लव्हबर्ड म्हणतो तो बहुतेक वेळा बजी असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, गवताचं बी खाऊन राहणारा. (आपला रानातला हिरवा पोपट मात्र पिंजऱ्यात ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.)

बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम. पन्नास किलोची बाई त्याच्या सुमारे १४०० पट. आता हिशेब करा. अर्धा ग्रॅम मीठ त्याच्या पोटात गेलं तर ते आपण सातशे ग्रॅम मीठ खाल्ल्यासारखं! म्हणून शेव, फरसाण, पापड, खारे दाणे अजिबात नको. चहात बुडवलेलं बिस्कीट नको, चॉकलेट तर नकोच. त्याने पाखराच्या काळजावर ताण येतो. कांदा-लसूण नको, म्हणजे फोडणीचा भातही नको. दूध त्याला पचत नाही. सफरचंद दिलंत तर बिया काढून. शहरात आता अव्होकॅडो मिळतो, तो पक्ष्यांना सरळ विषच.

आमच्या घरची पहिली जोडी महिनाभरही टिकली नाही. कशाने गेली ते कळलं नाही. पण सासूबाई प्रेमाने शेव भरवायच्या आणि मी डब्याच्या तळचे खवट, काळपट शेंगदाणे घालायचे. "टाकण्यापेक्षा पाखराच्या पोटात जातील," असं म्हणायचे. शेव जितकी वाईट, त्याहून माझे दाणे वाईट होते, हे पुढे पशुसखीच्या प्रशिक्षणात समजलं.

दमट दाण्यांवर, मक्यावर, पेंडीवर जी बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृत बिघडवतं. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेता घेता दोष सापडला खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत. हे विष भाजून, उकडून पुरतं जात नाही. वरची बुरशी पुसली तरी आतलं राहतं. म्हणून तो दाणा बजीला नको, कोंबडीला नको, गाईलाही नको. गाईच्या पोटातून ते दुधात उतरतं. आपल्या कुटातही नको. खड्डा करून पुरून टाका.

मग द्यायचं काय? राळा, बाजरी, वरई असं मिसळून. सूर्यफुलाचं बी चवीपुरतंच, त्यात तेल फार. नुसत्या दाण्यावर ठेवलं तर अ जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून रोज थोडी मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजराचा कीस. फवारलेल्या वाफ्यातला पाला मात्र नको. उरलेला पाला दुपारी काढून घ्या, पाणी रोज बदला.

बजी आजार लपवतो. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, खाणं सोडलं, श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलायला लागली, की उद्यावर ढकलू नका. खोका उबदार करून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, आणि त्याने काय काय खाल्लं ते न लाजता सांगा.