पाणी कमी होतंय, पण गळती दिसत नाही? ईजीआर कूलर तपासा


आजचा धडा डिझेल पिकअप आणि नवा ट्रॅक्टर असलेल्या सभासदांसाठी.

समजा, भाजीपाला भरून तुम्ही वाशी मार्केटला निघालात. सायन-पनवेल रस्त्यावर नेरूळला आलात आणि टेंपरेचरचा काटा वर चढला. कूलंट कमी झालंय, पण गाडीखाली एक थेंबही नाही. मग पाणी गेलं कुठे? ते इंजिनच्या आतही गेलेलं असू शकतं.

*ईजीआर कूलर म्हणजे काय?*
१ एप्रिल २०२० पासून गाड्यांना बीएस-६ आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ नियम लागू झाले. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू कमी करण्यासाठी बऱ्याच इंजिनांत थोडा धूर परत आत घेतात. तो धूर कित्येकशे अंश गरम असतो. म्हणून आधी तो स्टीलच्या बारीक नळ्यांतून जातो आणि नळ्यांभोवती कूलंट फिरतं. हाच ईजीआर कूलर.

*बनवताना कसरत असते*
नळ्या बारीक केल्या तर धूर चांगला थंड होतो, पण काजळीने लवकर चोंदतात. धूर फारच थंड झाला तर आत पाणी धरतं, ते आम्लासारखं धातू खातं. म्हणून कारखान्यात कूलरला गरम-थंड, गरम-थंड असे हजारो फेरे देऊन सांधे टिकतात का, ते बघतात. मात्र ही सगळी परीक्षा योग्य कूलंट धरूनच घेतलेली असते. आपण बोअरचं पाणी ओततो. त्याचा क्षार नळ्यांवर बसतो, तेवढी जागा जास्त तापते आणि तिथेच तडा जातो.

*ही लक्षणं ओळखा*
१) कूलंट वारंवार कमी होतं, बाहेर गळती नाही.
२) इंजिन तापल्यावरही पांढरा धूर, त्याला गोडसर वास. (थंडीत सकाळी थोडा वेळ येणारी वाफ वेगळी.)
३) गाडी ओढत नाही, इंजिनचा दिवा लागतो.

हेड गॅस्केट गेलं तरी हीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी कूलर तपासून घ्या, लगेच इंजिन उघडू देऊ नका.

*तपासणी कशी होते?*
पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तसंच. मेकॅनिक कूलर काढतो, कूलंटची तोंडं बंद करून आत हवा भरतो आणि पाण्यात बुडवतो. बुडबुडे आले की कूलर फुटका. हवा किती भरायची ते कंपनीच्या पुस्तकात बघूनच. हे समोर उभं राहून करून घ्या.

*लक्षात ठेवा*
✅ कंपनीने सांगितलेलंच कूलंट, ठरल्या वेळी बदला.
✅ काटा वर गेला की बाजूला थांबा, इंजिन बंद करा.
❌ गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.
❌ रात्रभर उभी गाडी सकाळी सेल्फवर अडकली तर जोर लावू नका, ढकलस्टार्टही नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.
❌ "ईजीआर बंद करून देतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ते नियमाविरुद्ध आहे.

आज संध्याकाळी गाडी गार झाली की कूलंटच्या टाकीवरची पातळी बघा आणि पेनाने खूण करा. आठ दिवसांनी पुन्हा बघा. खाली गेली असेल तर माल भरण्याआधी मेकॅनिककडे.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी