तार की हवा? एकच निवडा!

आमच्याकडे फायबर येतो खालच्या हॉलमध्ये आणि कामाची खोली माडीवर. मधल्या स्लॅबमुळे वर सिग्नल पोचेना, म्हणून जोडणीवाल्याने माडीवर दुसरा राउटर रिपीटर करून बसवला. नेट चालू झालं, पण वेग निम्म्यावर आला. ज्या रेडिओने ऐकायचं त्यानेच पुढे बोलायचं म्हटलं की वेळ वाटला जातोच. वेगासाठी मग त्याने जिन्यातून केबल ओढली आणि दोन्ही राउटरांच्या लॅन पोर्टमध्ये खोचली. रिपीटर मात्र चालूच राहिला. थोड्याच वेळात अख्ख्या घराचं नेट ठप्प. कंपनीत फोन केला की ‘रीस्टार्ट करा’ एवढंच उत्तर. रीस्टार्ट केलं की क्षणभर चाले, पुन्हा तेच. केबल उपटली तेव्हा सगळं सुरळीत झालं.

हवेतून एक वाट, तारेतून दुसरी, असं वर्तुळ तयार झालं होतं. ‘हा पत्ता कुणाचा?’ असं सगळ्यांना विचारणारी पाकिटं नेटवर्कवर सतत असतात. राउटरमधला स्विच ती ज्या पोर्टातून आली तो सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. आयपी पाकिटाला किती टप्पे जायचं याची मर्यादा असते, पण इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे या पाकिटांना, ती नसते. त्यामुळे ती गरगर फिरत राहतात, त्यांची गर्दी वाढते आणि कामाच्या पाकिटांना जागाच उरत नाही. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर ‘स्पॅनिंग ट्री’ हा तोडगा काढला. जादा वाट तो आपोआप बंद ठेवतो. पण घरगुती राउटरमध्ये तो असेलच, असं धरून चालू नका.

केबल लावण्याआधी दुसऱ्या राउटरचा रिपीटर बंद करून त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल, तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, हाताने बंद करा. नाहीतर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतील आणि एखाद्या फोनचं नेट अधूनमधून गायब होईल. दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ताही बदला. पहिला १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या, हा पत्ता आणखी कुणाकडे नाही ना ते पाहून. मग केबल लॅनमधून लॅनमध्ये लावा.

केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या आणि आठही तारा जोडून घ्या. चारच जोडल्या, तर वेग १०० एमबीपीएसवर अडकतो. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, पण २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल वेगळे द्या: १, ६ किंवा ११. जागचे न हलणारे टीव्ही, कॉम्प्युटर तारेवर घ्या. हवा फोनसाठी मोकळी राहू द्या.

आणि जोडणीवाला निघण्यापूर्वी त्याला विचारा, ‘या दोन राउटरांमधली वाट तारेची की हवेची?’ ‘दोन्ही’ म्हणाला, तर त्याला जाऊ देऊ नका.