ब्रेकमधली हवा

मोटारसायकल आता पुष्कळ घरांपुढे उभी असते. शेतावर जायला गाडी, बाजाराला जायला गाडी. गाडी चालवायला आपण लवकर शिकतो. पण ती थांबते कशी? आज ते पाहू.

पुढच्या चाकाला लोखंडी चकती असेल, तर तो डिस्क ब्रेक. मुठीजवळची लिव्हर आपण ओढतो. ती नळीतले तेल ढकलते. तेलाचा जोर चाकाजवळच्या कॅलिपरला पोचतो. कॅलिपरमधले पॅड चकतीला आवळतात. चाक थांबते. तारेने किंवा सळईने चालणाऱ्या ब्रेकमध्ये तेल नसते. हा पाठ त्याच्यासाठी नाही.

आता सायकलचा पंप घ्या. त्याच्या तोंडावर बोट दाबा आणि दांडा रेटा. दांडा खाली जातो, कारण हवा दबते. आत पाणी भरलेलं असतं, तर दांडा हलला नसता. ब्रेकचंही तसंच. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत हवा शिरली की आपला जोर हवा दाबण्यातच जातो. लिव्हर मऊ लागते, मुठीला टेकते. गाडी मात्र पुढेच जाते. समोर उतार आणि मागे लेकरू बसलेलं असलं, तर काय होईल ते सांगायला नको.

ब्रेकचे तेल ओलावाही पिते. 'डॉट ४' हे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यालेले तेल १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाट उतरताना तेल तापते, त्याची वाफ होते, आणि वाफही दबते. म्हणून साधारण २ वर्षांनी तेल बदलावे.

हवा काढण्याचे काम एकट्याला जमते. तेलाच्या डबीच्या झाकणावर इंग्रजी ३ किंवा ४ आकडा असतो. तो वाचा. त्याच आकड्याची सीलबंद बाटली आणा. इंजिनचे तेल मुळीच घालू नका. त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो. निपलला बसणारा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, काचेची बाटली आणि फडके जवळ ठेवा.

१. गाडी सपाट जागी उभी करा. टाकीवर फडके टाका, कारण हे तेल रंग खाते. डबी पुसून झाकण उघडा. तेल खुणेपर्यंत भरा.

२. कॅलिपरवरच्या निपलचे रबरी टोपण काढा. आधी पाना बसवा, मग नळी. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या तेलात बुडवा.

३. लिव्हर तीन-चार वेळा सावकाश ओढा आणि ओढून धरा. दुसऱ्या हाताने निपल पाव फेरा सैल करा. तेल आणि बुडबुडे बाहेर येतील.

४. लिव्हर धरूनच निपल बंद करा. मगच लिव्हर सोडा.

हात पोचत नसेल, तर जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर मुठीशी ताणून बांधा. निपल बंद केल्यावरच पट्टी सोडा.

बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा. चार-पाच वेळा झाले की डबी पाहा आणि तेल घाला. डबी रिकामी झाली, तर हवा पुन्हा शिरते आणि केलेलं काम वाया जातं.

शेवटी निपल बेताने आवळा. फार जोर केला तर तो तुटतो. तेल खुणेपर्यंत भरा, झाकण लावा. सांडलेले तेल पाण्याने धुवा. पॅडला तेल लागले, तर पॅड बदला. काढलेले तेल पुन्हा वापरू नका. ते विषारी असते. मुलांपासून दूर ठेवा, विहिरीजवळ ओतू नका.

लिव्हर घट्ट लागली, तर गाडी अंगणात हाताने ढकलून ब्रेक लावून पाहा. मगच बसा. लिव्हर अजून मऊ असेल किंवा तेल गळत असेल, तर गाडी चालवू नका. मेकॅनिकला बोलवा. एबीएस असलेल्या गाडीचे हे काम त्याच्याकडेच द्यावे.

चार शब्द पाठ करा : ओढा, उघडा, बंद करा, सोडा. हा क्रम चुकला, तर काढलेली हवा परत आत जाते.

प्रश्न : नळीत हवा शिरली की लिव्हर मऊ का लागते? निपल उघडा असताना लिव्हर का सोडू नये?