आजचं चिंतन (गीता ९.३०-३१): राक्षसाच्या कपड्यावरचा पाय



आजच्या नित्यपाठात नवव्या अध्यायातले तिसावा आणि एकतिसावा हे श्लोक आले. त्यांचा भाव थोडक्यात असा: माणूस कितीही दुराचारी असो, तो अनन्यभावाने भगवंताकडे वळला तर त्याला साधूच मानायचं, कारण त्याचा निश्चय आता योग्य झाला आहे. तो लवकरच धर्मात्मा होतो.

हे श्लोक कितीदा म्हटले असतील! आज मात्र अडकलो.

तीन वर्षांपूर्वी माझ्यासोबत राहणारा एक मित्र आम्हा सगळ्यांचं डिपॉझिट घेऊन गायब झाला. माझे चाळीस हजार गेले. आईने एफडी मोडून निभावून नेलं. गेल्या रविवारी एका भजनाला गेलो तर तोच समोर! कपाळाला बुक्का, हातात प्रसादाचं ताट. मला बघून त्याने मान खाली घातली. मी प्रसाद न घेताच उठलो. मनात एकच शब्द होता, ढोंगी. याला साधू मानायचं?

उत्तराची वाट सापडली ती एका जपानी मांगात. ‘डीमन स्लेयर’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. गोतोगे कोयोहारू यांची ही मांगा २०१६ ते २०२० या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली, एकूण २३ खंड. (पुढे स्पॉयलर आहेत!) काळ शंभर वर्षांपूर्वीचा, जपानचं तैशो युग. कोळसा विकणारा तान्जिरो एके दिवशी घरी परततो, तर राक्षसाने त्याचं कुटुंब मारलेलं असतं. वाचलेली बहीण नेझुको स्वतःच राक्षस झालेली असते. तिला परत माणूस करायचं म्हणून तो राक्षसांशी लढणाऱ्यांच्या दलात जातो.

या कथेतले राक्षस आधी माणसंच होती. रुई नावाचा राक्षस घ्या. लहानपणी तो इतका अशक्त होता की त्याला धड चालताही येत नव्हतं. मुझानने त्याला राक्षस केलं, आणि त्याने माणूस मारला. वडील त्याला मारायला उठले तेव्हा त्याने आईवडिलांनाच संपवलं. आपल्या मुलाचं पाप स्वतःवर घेऊन वडील त्याच्यासोबत मरणार होते, हे त्याला नंतर कळलं.

रुईचं डोकं उडतं, शरीराची राख होऊ लागते. जखमी तान्जिरो त्याच्या पाठीवर हात ठेवतो. मागे उरतात फक्त कपडे. त्यांच्यावर पाय देऊन गियू नावाचा वरिष्ठ योद्धा बजावतो की माणसं खाणाऱ्याची कीव करू नकोस. तान्जिरो त्याला पाय काढायला सांगतो. पुढे कुणाचा जीव जाऊ नये म्हणून आपण तलवार चालवणारच, पण राक्षस होऊन तळमळलेल्या जीवाला तुडवणार नाही, असं त्याचं म्हणणं.

इथे मी थांबलो. तान्जिरोने तलवार टाकलेली नाही. रुईलाही शिक्षा चुकलेली नाही, तो नरकाच्या ज्वाळांतच जातो. फक्त तिथे त्याचे आईवडील त्याला मिठीत घेऊन सोबत जातात. म्हणजे न्याय आणि करुणा एकाच वेळी शक्य आहेत. आपण मात्र न्यायाच्या नावाखाली पाय देऊन उभे राहतो.

पण रुईला जाग आली ती मरताना. गीता तर जिवंतपणीच्या वळण्याबद्दल बोलते. त्यासाठी याच कथेतली तामायो बघा. मुलाला मोठं होताना बघायचं म्हणून आजारी तामायोने राक्षस होणं पत्करलं, आणि भान हरपून नवऱ्याला आणि त्या मुलालाच खाल्लं. नंतरही तिने अनेकांना मारलं. मग ती मुझानच्या ताब्यातून सुटली आणि वैद्य झाली. गरजूंकडून थोडंसं रक्त विकत घेऊन ती जगते, आणि राक्षसाला परत माणूस करणारं औषध शोधते. शरीर अजून राक्षसाचंच आहे, केलेलं पुसलं गेलेलं नाही. दिशा मात्र बदलली आहे. निश्चय योग्य झाला म्हणजे काय, हे मला तामायोमुळे कळलं.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. श्लोकात दोन कामं आहेत. वळायचं काम त्याचं, साधू मानायचं काम आपलं. त्याचा निश्चय खरा की खोटा हे भगवंत बघतील. मला फक्त माझा पाय काढायचा आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा दुष्टपणा जावा एवढंच मागितलं आहे. आपण रोज तेच पसायदान म्हणतो आणि प्रसाद नाकारून उठतो!

श्लोकात कर्ज माफ झालं असंही कुठे म्हटलेलं नाही. म्हणून आज मी त्याला मेसेज केला. पैसे परत हवेत, हप्त्याने दिलेस तरी चालेल, हे स्पष्ट लिहिलं. आणि खाली लिहिलं, “रविवारी प्रसाद न घेता उठलो, ते माझं चुकलं.” दुसरं वाक्य लिहायला जास्त वेळ लागला. अजून उत्तर आलेलं नाही. राग पूर्ण गेलाय असंही नाही.

आजचा अभ्यास: ज्याचं नाव घेतलं की कपाळाला आठी पडते असा एक माणूस आठवा. त्याच्याकडून जे न्याय्य आहे ते जरूर मागा. पण आपला पाय त्याच्या कशावर आहे, हे एकदा खाली बघून घ्या.

राम कृष्ण हरी 🙏